वलणीचं दाराकडचं टोक

"राहू दे गं, कोण सांगतंय त्यांना!"

टँकरच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. त्यांतली एक दुसरीला असं म्हणाली आणि दोघीही तोंडाला पदर लावून हसल्या. त्या कुठे बघतायत ते मी बघितलं. माझ्या घरमालकीण अक्का कचेरीला निघाल्या होत्या. खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी, पाठ ताठ. अंगावर निळी छापील साडी होती आणि ती त्यांनी उलटी नेसली होती. कापडाची फिकी बाजू बाहेर, गडद बाजू आत. सकाळच्या उन्हात ते लांबूनही कळत होतं.

"सांगायला पायजे का?" दुसरी म्हणाली.

"नको. वाईट वाटंल बिचारीला. घागर सरकव, पाईप आला."

अक्का आमच्याजवळून जाताना थांबल्या. माझ्या ओढणीचं टोक दोन बोटांत धरून त्यांनी चाचपलं आणि म्हणाल्या, "तूच का? मिळालं का पाणी? ओढणी डोक्यावर घे पोरी, ऊन लई हाय."

मी "हो" म्हणाले. त्या गल्लीच्या तोंडाशी वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

त्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीने पाणी येत होतं. बाहेरचे लोक त्याच्या बातम्या वाचत होते. आमच्या गल्लीत बोलणं एवढंच असायचं, की टँकर आज आधी आपल्याकडे येणार की मागच्या गल्लीत. मी मूळची नांदेडची. एका क्लासमध्ये जीवशास्त्राच्या प्रश्नपत्रिका तयार करायची नोकरी मिळाली म्हणून लातूरला आले होते. शिकवायचं नव्हतं, फक्त प्रश्न लिहायचे होते, आणि त्या नोकरीतलं मला तेच आवडलं होतं. शाळा-कॉलेज सगळं इंग्रजीत झालेलं. चार लोकांत मराठी बोलायचं तर मी वाक्य आधी मनात जुळवायची, आणि ते जुळेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. आई नांदेडहून फोन करायची, "काय करून राहिलीस?" त्याचंही उत्तर मी बहुतेक एका शब्दात द्यायची.

अक्कांच्या घरातली वरची खोली मी भाड्याने घेतली होती. खोली दाखवताना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "कपडे लई हायत का तुझे?" मला वाटलं, भिंतीतलं कपाट लहान आहे म्हणून विचारत असतील. नंतर कळलं, त्या धुण्याच्या पाण्याचा हिशोब करत होत्या.

त्यांचं नाव शिवकांता. पण सख्ख्या भावापासून कचेरीतल्या शिपायापर्यंत सगळे अक्काच म्हणायचे. लग्न केलेलं नव्हतं. कपाळावर विभूतीची बोटं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, केस घट्ट बांधलेले. वर्षअखेरीला त्या सेवानिवृत्त होणार होत्या. त्यांची एक सवय मला सुरुवातीला फार खटकायची. कुणीही भेटलं की त्या आधी त्याच्या कपड्याला हात लावायच्या. बाही, पदर, सदऱ्याची कॉलर, जे हाताशी येईल ते दोन बोटांत धरायच्या आणि मगच बोलायला लागायच्या. दूधवाल्याला म्हणायच्या, "टेरिकॉट घालून कशाला उन्हात फिरतोस रे?" मला वाटायचं, काय ही सवय. माणूस ओळखण्यासाठी त्या तसं करतात, हे मला त्या टँकरच्या दिवशी संध्याकाळी कळलं.

त्यांनी मला खाली बोलावलं. खोलीतला मोठा दिवा बंद होता, टेबलावरचा छोटा दिवा चालू होता आणि ती निळी साडी त्यांच्या मांडीवर होती. कापडाची एक बाजू त्या दिव्याखाली धरत होत्या, मग दुसरी.

"सकाळी टँकरपाशी होतीस न्हवं?"

"हो."

"दिसलं का तुला?"

मी फरशीकडे बघितलं.

"दिसलं असणार. तुझे डोळे चांगले हायत." आवाजात राग नव्हता. "फॉल निघालता हिचा. फॉल असता तर हाताला कळलं असतं. दिवसभर तशीच फिरले. सायबांपुढं गेले, जेवायला बसले चौघींत. कुणी सांगितलं न्हाई. सगळ्यांना माझं वाईट वाटलं असंल."

मग त्यांनी डोळ्यांचं सांगितलं. डोळ्यांचा पडदा झिजत चालला होता. आधी रंग जातील, मग माणसांचे चेहरे, शेवटी उजेड आणि अंधार एवढंच उरेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. किती वर्षांत, ते सांगता येत नव्हतं. कचेरीत कुणाला ठाऊक नव्हतं. उदगीरला त्यांचा धाकटा भाऊ होता, त्यालाही नाही.

"आंधळी झाले तर झाले," अक्का म्हणाल्या. "त्याला काय करणार? पण माझी साडी मी काढणार, मी नेसणार अन् मी भाईर पडणार. दुसऱ्यानं घातलेल्या कपड्यात मला घरात बसायचं न्हाई. तेवढं एक मला पायजे."

मग म्हणाल्या, "अन् तू सांगायचं. दिसलं की सांगायचं. 'जरा बघा' म्हणू नको, 'काहीतरी झालंय' म्हणू नको. उलटी हाय तर उलटी हाय म्हणायचं. अन् कानात न्हाई. कानात सांगितलं की सगळी गल्ली बघती. मोठ्यानं सांगितलं की इषय संपतो."

मी मान हलवली.

"मान हलवलीस का? ते दिसत न्हाई मला."

"हो," मी म्हणाले.

त्यांच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक वलणी होती. कपडे टाकायची साधी दोरी, एक टोक खिडकीकडे, एक दाराकडे. वलणी हा शब्दही मी त्यांच्याकडूनच शिकले. आधीच्या वेळअमावस्येपासून त्यांनी एक पद्धत सुरू केली होती. लातूरकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला जातं, आणि अक्का वर्षाची सुरुवात त्या दिवसापासून धरायच्या. पद्धत अशी, की कपाटातून काढलेली साडी नेसून, धुऊन झाली की परत कपाटात जायची नाही. ती वलणीवर टाकायची, दाराकडच्या टोकाला. दुसऱ्या दिवशीची साडी आली की आधीची खिडकीकडे सरकायची. पुन्हा नेसली की पुन्हा दाराकडे. काही लिहून ठेवायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. वर्ष संपलं की कपाटात जे उरेल ते घरातून बाहेर.

"पण त्यात आवडत्या साड्या असल्या तर?" मी एकदा विचारलं. त्यांच्याशी बोलताना वाक्य आधी जुळवावं लागत नाही, हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं.

"आवडतं ते येगळं अन् नेसतो ते येगळं," त्या म्हणाल्या. "कपाट बघितलं की आपण कोण व्हायचं होतो ते दिसतं. वलणी बघितली की आपण कोण हाव ते दिसतं. मला आता दुसरीच्या जोरावर जगायचं हाय. बोटांच्या ध्यानात राहतील एवढ्याच साड्या पायजेत."

वलणीवर खरोखरच फार साड्या नव्हत्या. दाराकडच्या टोकाला आलटून-पालटून त्याच त्या चार-सहा. दुष्काळाने त्यांची निवड आणखी सोपी केली होती. सुती साडी पाणी पिते, तिला दोन बादल्या लागतात, वर खळ. सिंथेटिक अर्ध्या बादलीत निघते. धुतल्याचं पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासात. एरवी ज्यांचा मोह सुटला नसता अशा सुती साड्या त्या उन्हाळ्यात आपोआप कपाटातच राहिल्या. ब्लाउज त्यांनी दोनच रंगांचे ठेवले, काळे आणि मरून. कुठल्याही साडीवर कुठलाही चालावा. परकर सगळे काळे. "अंधारात काढला तरी चुकायला जागा नको," त्या म्हणायच्या.

मीही गच्चीवरच्या दोरीवर ते करून बघितलं. माझ्या बॅगेत रंगीत कपडे पुष्कळ होते. दाराकडच्या टोकाला सतत येत होते ते करड्या आणि मातकट रंगाचे कुर्ते, ज्यांत कुणाचं माझ्याकडे लक्ष जाणार नाही असे. हे मी अक्कांना सांगितलं नाही. त्यांनी एकदा वाळत घातलेले कपडे चाचपले आणि एवढंच म्हणाल्या, "तुझं सगळं एकच कापड हाय गं."

कपड्यांचा हा विचार त्यांच्यात डोळ्यांमुळे आलेला नव्हता. त्याची गोष्ट फार जुनी होती आणि ती सांगताना त्या हसायच्या. लातूर नवीन जिल्हा झाला तेव्हा अक्का तिथल्या एका कचेरीत टंकलेखक म्हणून लागल्या. इमारत दुसऱ्याची, खुर्च्या उसन्या, कागदांवर जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून नव्या नावाचा रबरी शिक्का. पहिल्या दिवशी काय नेसायचं यावर घरात चर्चा झाली आणि आईने आपली जड रेशमी साडी काढून दिली. नवा जिल्हा, नवी नोकरी, पोरगी शोभली पाहिजे. अक्का ऐटीत यंत्रापाशी बसल्या. साहेब सांगायला लागले, बोटं चालायला लागली, आणि ओळ संपल्यावर रोलर फिरवला तर कागदाबरोबर पदरही आत गेला.

"सायेब म्हणतायत, पुढं टाईप करा. मी कशी करणार? मान वाकडी, पदर आत. रोलर उलटा फिरवला तर जरीचा काठ अडकला. शेवटी शिपायानं कात्री आणली. म्हटलं, कागद काप बाबा, पदर नको. त्यानं पदरच कापला."

"मग?"

"मग काय! दुसऱ्या दिवशी अर्ध्या बादलीतली साडी नेसून गेले. नोकरी शोभून दिसायला नसती पोरी, बसायला असती."

टंकलेखनामुळे त्यांच्या बोटांवर त्यांचा फार विश्वास होता. आता कचेरीत संगणक होते, पण कळफलकाकडे बघायची गरज त्यांना कधीच नव्हती. मधल्या ओळीतल्या दोन कळांवर बारीक उंचवटे असतात, ते सापडले की बाकी सगळी अक्षरं आपापल्या जागी असतात. "माणसाला दोन उंचवटे पुरतात," असं त्या म्हणायच्या.

वैशाखात औशाला त्यांच्या मामेबहिणीकडे, निर्मलाबाईंकडे लग्न होतं. बरोबर मी गेले. सोबत हवी असं त्या म्हणाल्या नाहीत. पिशवी जड आहे असं म्हणाल्या. पिशवीत आहेर होता. लग्न न झालेली आत्या म्हणून अक्कांना प्रत्येक कार्यात मानाची साडी मिळायची, आणि त्यांचं कपाट मुख्यतः अशा साड्यांनीच भरलेलं होतं. वर्ष संपायची वाट न बघता त्यांतल्या काही आहेरातच पुढे देऊन टाकायचं त्यांनी ठरवलं. आपल्याकडे हे घरोघरी चालतं. फक्त कुणाची साडी कुणाकडे जाते एवढं सांभाळायचं असतं. अक्कांना ते रंगावरून पाठ होतं. जांभळी निलंग्याची, मोरपंखी औशाची. औशाला जांभळी द्यायची. साडी त्यांनी एकटीने काढली आणि एकटीनेच कागदात गुंडाळली.

मांडवात निर्मलाबाईंनी सगळ्या बायकांसमोर कागद सोडला आणि आतल्या मोरपंखी साडीच्या घडीवर हात फिरवला.

"अगं बया! अक्का, ही तर मीच तुला दिल्ती की! बारशाला! घडी सुदिक मोडली न्हाईस?"

दिलेला आहेर त्याच घरी परत येणं म्हणजे तोंडावर परत फेकणं. निर्मलाबाईंच्या सासूबाईंनी मान फिरवली. अक्कांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी अगदी जवळून बघितलं. क्षणभर त्यांचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी हात पुढे केला, निर्मलाबाईंचा दंड शोधला आणि म्हणाल्या, "हाव. दोन वरसं कपाटात ठेवून बघितलं. तुझ्या अंगालाच शोभंल असं वाटलं बघ."

"लबाड!" निर्मलाबाई हसल्या, मग सगळ्याच हसल्या, आणि वेळ निभावली.

पण त्यांच्या भावाने, शिवराजअण्णांनी, ते खांबापाशी उभं राहून बघितलं होतं. थोड्या वेळाने अक्षतांचं ताट फिरलं तेव्हा अक्कांचा हात ताटाच्या बाजूने रिकाम्या हवेत गेला. तेही त्यांनी बघितलं.

आम्हाला लातूरला सोडायला ते त्यांच्या गाडीतून आले. पुढे ते, त्यांच्या शेजारी त्यांची बायको सुनंदाकाकू, मागे अक्का आणि मी. उदगीरला त्यांची आडत होती. माणूस वाईट नव्हता. औसा मागे पडल्यावर त्यांनी आरशातून अक्कांकडे बघितलं.

"डोळ्याचं कधीपासून?" मग एकदम विचारलं.

अक्कांनी सगळं सांगितलं. लपवण्यात आता अर्थ नव्हता.

सुनंदाकाकू मागे वळल्या. त्यांचे डोळे भरले होते. "अक्का, आमच्याकडंच या की. घरात गाऊन घालून निवांत बसा. साडीबिडीचा तरास न्हाई. मी रोज काढून देत जाईन."

"काय काढून देशील?"

"गाऊनच की."

अक्का खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर काळी, उघडी रानं होती. त्यांना त्यातलं किती दिसत होतं कुणास ठाऊक.

"आता उदगीर जिल्हा होणार हाय," अण्णा म्हणाले. "मोठा दवाखाना येईल. सगळं तिथंच."

"व्हऊ दे की. एक जिल्हा होताना मी बघितलाय. आधी पाट्या येतात, दवाखाना लई मागनं."

"चेष्टा राहू दे, अक्का. उद्या उलटी साडी नेसून चौकात गेलीस तर तुला कोण सांगणार? हितं कोण हाय तुझं? लोक हसतील अन् गप बसतील. आमच्या घरात निदान सांगायला माणसं हायत."

मी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. उलटी साडी नेसून अक्का चौकातून गेल्या होत्या, हे गाडीत अक्कांना आणि मलाच ठाऊक होतं.

अक्का खिडकीकडून वळून म्हणाल्या, "बरोबर बोललास. हितनं पुढं मला सांगणारं कुणी लागणार. येळवशीपर्यंत थांब. तवर हितं तसं माणूस मिळालं न्हाई, तर तुझ्याच गाडीत बसून येते. मग गाऊन घालते न्हाई तर काय बी घालते."

"शबूद?"

"शबूद."

त्या दिवसापासून अक्का सकाळी निघताना जिन्याखाली उभ्या राहायच्या. मी वरून बघायची आणि म्हणायची, "ठीक आहे." त्या म्हणायच्या, "ऐकू आलं न्हाई." मी पुन्हा म्हणायची. घरात, जिन्यात, दोघीच असताना मला ते जमायला लागलं. बाहेर जमत नव्हतं. एकदा गंजगोलाईच्या बाजारात भाजी घेताना त्यांच्या निऱ्यांची एक घडी सुटून खाली लोळायला लागली. आजूबाजूला माणसं होती. मी त्यांची बाही ओढली. त्या जागीच थांबल्या.

"वढू नको. बोल."

मी वाक्य जुळवत होते. तेवढ्यात भाजीवालीच म्हणाली, "मावशे, साडी सुटली." अक्कांनी तिला हसून दाद दिली, निऱ्या खोचल्या आणि मला काही बोलल्या नाहीत. घरी येईपर्यंतही नाही. ते बोलणी खाण्यापेक्षा जड गेलं.

पावसाने त्या वर्षी शेवटी चांगली हजेरी लावली. टँकर बंद झाले, नळाला आठवड्या-दीड आठवड्याने का होईना पाणी येऊ लागलं, आणि अक्का समोरच्या शमीमआपांकडे जाऊन बसायला लागल्या. शमीमआपा घरातच फॉल-बिडिंग आणि पिको करायच्या. त्यांचं यंत्र दिवसभर वाजायचं. वलणीवरच्या साड्यांना खूण करायची कल्पना त्या दोघींची. आधी गाठी मारून बघितल्या, त्या धुण्यात सुटल्या. मग एक दिवस अक्का कपाटातून आईची ती रेशमी साडी घेऊन गेल्या, कापलेल्या पदराची. वर्षभरात ती एकदाही बाहेर निघाली नव्हती. नियमाने ती जायचीच होती.

"हिचे काठ काप," अक्का म्हणाल्या. "बोटाएवढे तुकडे कर. सगळ्या साड्यांच्या आतल्या कोपऱ्याला लाव. खोचायचा कोपरा, आतली बाजू. जरीवर बोट पडलं की मला सगळं कळंल."

शमीमआपांनी साडी उलगडली आणि मिटली. "अक्का, ये तो अम्मा की है ना? कैंची नहीं चलती मेरी."

"कपाटात ठेवून काय करू? हिला मी डोळ्यानं बघत होते इतके दिवस. ते बी चाललं आता. रोज हाताला तरी लागंल."

"आप पकडो फिर."

अक्कांनी साडी ताणून धरली आणि शमीमआपांनी कात्री चालवली. रेशीम कापताना आवाज फार होतो. नंतर शमीमआपांनी चहा टाकला.

त्यानंतर अक्का एकदाही चुकल्या नाहीत. रोज पहाटे दिवा न लावता त्या वलणीवर हात फिरवायच्या, कोपरा शोधायच्या, जरीच्या तुकड्यावर बोट ठेवायच्या आणि साडी नेसून बाहेर यायच्या. जिन्याखाली उभ्या राहायच्या, मी "ठीक आहे" म्हणायची. मला वाटू लागलं, आता सांगणाऱ्याची गरजच पडणार नाही. अक्का तसं म्हणाल्या नाहीत. येळवस जवळ आली तसं त्यांचं बोलणं कमी होत गेलं.

आदल्या संध्याकाळी त्यांनी कपाट रिकामं केलं. वर्षभर बाहेर न आलेल्या साड्यांचं गाठोडं शमीमआपांकडे वाकळी शिवायला गेलं. उरलेला सगळा संसार एका ट्रंकेत मावला. ती ट्रंक त्यांनी दारातल्या ओट्यावर आणून ठेवली. जायचं ठरलं तर गाडीत टाकायला, न ठरलं तर आत न्यायला.

सकाळी थंडी होती. शिवराजअण्णांची गाडी लवकर आली. गाडीत शेतावर न्यायची आंबिलीची घागर आणि भज्जीचं, म्हणजे येळवशीच्या मिश्र भाजीचं, पातेलं होतं. त्या दिवशी नेमकं नळाला पाणी आलं होतं, म्हणून गल्लीतल्या बायका नळापाशी जमल्या होत्या. टँकरच्या रांगेतल्या त्या दोघीही होत्या. शमीमआपांचं दार अजून बंद होतं. मी माझी कळशी घेऊन जिन्यात उभी होते.

सुनंदाकाकूंनी अक्कांच्या हातात एक पाकीट दिलं. "सण हाय अक्का, नवी नेसा. तुमच्यासाठी मुद्दाम आणली."

अक्कांनी साडी चाचपली. "छापील हाय." मग कोपरा शोधला. कोपऱ्याला काही नव्हतं. नव्या साडीला अजून फॉलही लागलेला नव्हता. वर्षभर त्यांनी घरात येणारी प्रत्येक साडी दारातूनच परत पाठवली होती, पण सणाच्या दिवशी, भावजयीने प्रेमाने आणलेली साडी नको म्हणणं त्यांना जमलं नाही. त्या आत गेल्या. दार लागलं. दिवा लागल्याचा आवाज आला नाही.

अण्णांनी ट्रंकेकडे बघितलं.

अक्का बाहेर आल्या. हिरवी, मोठ्या फुलांची साडी. निऱ्या एकसारख्या, पदर नीट पिन केलेला, पाठ ताठ. आणि फुलं सगळी फिकी, पुसल्यासारखी. रंग आत राहिला होता.

सुनंदाकाकूंनी ते पाहिलं आणि नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "राहू द्या. गाडीतच बसायचंय."

अण्णा ओट्यापाशी आले. त्यांनी अक्कांकडे बघितलं, मग नळाकडे बघितलं. नळापाशी त्या दोघींनी तोंडाला पदर लावला होता. अण्णांची नजर तिथून हलेना. त्यांना आनंद होत नव्हता, हे मला दिसत होतं. पण ट्रंकेची कडी त्यांनी हातात घेतली.

अक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. एक हात चौकटीवर, मान किंचित कलती, साहेब पुढचं वाक्य सांगतील म्हणून टंकलेखक थांबावा तशा. त्यानंतर त्या मला पुष्कळदा भेटल्या, पण आठवतात त्या तशाच. गाडीकडे जायला दोन पायऱ्या उतरायच्या होत्या. त्या उतरत नव्हत्या. माझ्या ओढणीला हात लावायला मी जवळ नव्हते, आणि मी जिन्यात आहे हे त्यांना दिसत नव्हतं.

मी मनात वाक्य जुळवायला लागले. मग ते तसंच सोडून दिलं, कळशी खाली ठेवली आणि नळापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अक्का, साडी उलटी आहे!"